तांडेलाचा पट

दत्तात्रेय आगाशे मास्तरांना बुद्धिबळात हरवील असा माणूस रत्नागिरीत उरला नव्हता, आणि ही गोष्ट मास्तरांना जरा जास्तच ठाऊक होती. वय बत्तीस, शाळेत गणित शिकवायचे. संध्याकाळी आप्पा सोहोनी वकिलांच्या ओटीवर पट मांडला जाई. मास्तर झपाझप खेळत. समोरचा विचारात पडला की हे पायाचा अंगठा हलवत बसायचे, नाहीतर आढ्याकडे बघत शीळ घालायचे. समोरच्याचा हात मोहऱ्याला लागायच्या आत यांची पुढची खेळी ठरलेली असे.

एकोणीसशे बत्तीस सालची गोष्ट. गणपती नुकतेच होऊन गेले होते. मास्तरांनी आप्पांना लागोपाठ तिसरी मात दिली आणि म्हणाले, "आप्पा, आता घाटावर जायला हवं. इथे काही राहिलं नाही."

आप्पा साठीला टेकलेले गृहस्थ. पडलेली मोहरी गोळा करता करता म्हणाले, "दत्तू, तुला डाव दिसतो. माणूस दिसत नाही."

"पटावर माणूस असतोच कुठे?"

आप्पा हसले नाहीत. "घाटावर जाण्याआधी पूर्णगडला जाऊन ये. किल्ल्याच्या पायथ्याशी हरिश्चंद्र तांडेलाचं घर आहे. मी आठ वर्षांपूर्वी गेलो होतो."

"मग?"

"हरलो."

मास्तर सावरून बसले. आप्पा हरल्याचं इतक्या सहज कधी सांगत नसत. "एवढा खेळतो का हा तांडेल?"

"तो वारला त्याला अकरा वर्षं झाली," आप्पा म्हणाले. त्यांनी पिशवीची नाडी आवळली आणि ते आत निघून गेले.

मास्तरांनी दोनदा हिशेब केला. अकरा आणि आठ. मग स्वतःशीच म्हणाले, म्हाताऱ्याला मस्करी सुचतेय.

तरी दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी पावसला आनंदीआत्याकडे मुक्काम टाकला. पत्नी लीलेला सांगितलं, आत्याची तब्येत बरी नाही. आत्या ठणठणीत होती. भाऊबीज झाल्यावर दुसऱ्या दिवशी जेवण उरकून मास्तर सड्यावरच्या पायवाटेने पूर्णगडला निघाले. जांभ्या दगडाचं ते उघडं पठार तापलं होतं, गवत पिवळं पडलं होतं. तास-दीड तासाने खाली खाडीचं तोंड दिसलं, आणि टेकडीवरचा तो लहानसा किल्ला.

घर सापडायला वेळ लागला नाही. नळीच्या कौलांचं बुटकं घर, पुढे शेणाने सारवलेली पडवी, अंगणात सुकत घातलेले बांगडे. पडवीत पस्तिशीची एक बाई बसली होती. उजवं मनगट डाव्या हाताने गच्च धरलेलं, जसं एखादं अवखळ पोर धरावं तसं.

"आप्पा वकिलांनी धाडलं?" तिने विचारलं.

"हो. मी आगाशे मास्तर. तुम्हाला कसं कळलं?"

"दुसरं कोण धाडतंय आता. बसा, मास्तर. वेळ झालीच हाय."

ती तांडेलाची मुलगी, काशी. नवरा लग्नानंतर दोनच वर्षांत दर्यात गेला, तेव्हापासून बापाकडे. भाऊ सदू मुंबईला गोदीत होता. पडवीत पट मांडलेलाच होता. मोहरी खैराच्या लाकडाची, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेली. काळ्यांचं एक प्यादं हरवलं होतं, त्याच्या जागी कवडी ठेवलेली. मास्तर पांढऱ्यांच्या बाजूला बसले. समोर एक पाट होता, पण काशी त्यावर बसली नाही. ती पटाच्या कडेला बसली. पाट रिकामाच राहिला.

"इथे बसा की," मास्तर म्हणाले.

"तिथे बाबा बसतात."

मास्तरांनी तिच्याकडे नीट पाहिलं. बाई वेडी दिसत नव्हती. दमलेली दिसत होती.

"मी नाय खेळत मास्तर. मी नुसती मोहरी हलवते," ती म्हणाली. "बाबा फत्तेमारीवर तांडेल होते. मलबारापासून मस्कतपर्यंत गेलेले. हा खेळ तिथल्या बंदरात शिकले. कधी हरले नाय. मरायच्या आदल्या दिवशी बाबांनी सांगितलानी, 'मला हरवणारा भेटल्याबिगर मी ह्यो पट सोडायचो नाय.' तेरावं झाल्यावर मी मोहरी गोळा करून माळ्यावर ठेवायला निघाले, तर हात पुढे जाईना. तेव्हापासून रोज दुपारी हात ओढायला लागतो. पटाशी येऊन बसले की थांबतो. कोण नसलं तर नुसती बसून राहाते."

"आणि कोणी आलं तर?"

"तर खेळतात."

पहिल्या दिवशी मास्तर नेहमीसारखे खेळले, म्हणजे घाईने. काशीचा हात संथ जायचा. मोहऱ्यावर टेकायचा, थोडा थांबायचा, मग उचलायचा. पंधराव्या खेळीला मास्तरांना एक हत्ती फुकट मिळाला. त्यांनी तो उचलला आणि मनात म्हणाले, झालं. त्यानंतर सहाव्या खेळीला ते मात होते. हत्ती फुकट नव्हताच. तो त्यांच्यासाठी ठेवलेला होता. हा माणूस हत्ती सोडणार नाही हे कुणीतरी दहा-बारा खेळ्यांत ओळखलं होतं.

परत जाताना सड्यावर त्यांनी सगळ्याचा उलगडा केला. बाई विलक्षण खेळते. बापाकडे बघून शिकली असणार. खारव्याच्या विधवेशी कोण खेळायला बसेल? म्हणून बापाचं नाव. अगदी सरळ आहे. त्यांना तिचं कौतुक वाटलं, आणि आप्पांचं हसू आलं.

दुसऱ्या दिवशी डाव मांडण्याआधी मास्तरांनी पटाच्या एका कोपऱ्यात पाच मोहरी ठेवली. "काशीबाई, यात दोन खेळ्यांत मात आहे. दाखवा बघू." शाळेतल्या पोराला सुटावं असं ते कोडं होतं.

काशीने बराच वेळ पाहिलं. मग घोडा उचलून भलत्याच घरी ठेवला. "कोण कसा चालतो ते अकरा वर्षं बघून कळलं," ती ओशाळून म्हणाली. "का चालतो ते नाय कळत."

सोंग घेणारं माणूस मास्तरांना चटकन ओळखू येई. वर्गात रोज तेच तर पाहायचं. हे सोंग नव्हतं.

डाव सुरू झाला. मध्येच अंगणातून एक शेजारीण आली आणि बांगड्यांबद्दल काही विचारू लागली. काशी मान वळवून तिच्याशी बोलत राहिली, ऊन किती लागलं, मांजर कसं येतं. आणि बोलता बोलता तिचा उजवा हात पटावर गेला, मोहऱ्यांच्या दाटीतून एकाही मोहऱ्याला धक्का न लावता उंटावर उतरला आणि उंट तिरका सरकवून परत तिच्या मांडीवर येऊन पडला. तिने पटाकडे पाहिलंही नव्हतं. शेजारणीने मात पाहिलं. ती बोलणं अर्धवट टाकून निघून गेली.

उंटाची ती खेळी फार सुंदर होती.

मग पहिल्यांदाच ते घाई न करता बसले. घाई करायची भीतीच वाटली. बसल्या बसल्या त्यांना पडवीतला श्वास ऐकू आला. काशीचा नव्हे, काशी खाडीकडे तोंड करून बसली होती आणि तिचा श्वास हलका, तुटक होता. हा लांब होता, सावकाश, शेवटी किंचित शिट्टी वाजणारा. जन्मभर तंबाखू ओढलेल्या छातीचा. तो रिकाम्या पाटावरून येत होता.

उठून पळावं असं वाटलं. पण खरं सांगायचं तर डाव सोडवत नव्हता. मास्तरांनी हात वजिरावर नेला. श्वास तसाच चालू. हात घोड्यावर नेला. श्वास अगदी थोडा अडला. त्यांनी घोडा खेळला.

त्या दिवशीही ते हरले, पण दोन तास टिकले. निघताना काशीने त्यांना पाणी विचारलं नाही. आपल्या हातचं पाणी चालेल की नाही अशी त्यांची पंचाईत होऊ नये म्हणून शहाळं फोडून दिलं. मास्तरांनी विचारलं, "तुम्हाला ऐकू येतं ते?"

"पहिलं पहिलं येत होतं," ती म्हणाली. "आता माजाच श्वास मला ऐकू येत नाय."

मग ती अंगणापर्यंत त्यांच्यामागून आली. पडवीकडे पाठ करून अगदी हळू बोलली, "मास्तर, उद्या जिंका. सदू किती सालं झाली बोलावतोय. एकदा निघाले होते, रत्नागिरीच्या बंदरापर्यंत पोचले, तर हात असा सुजला की बोटीवर नेणाऱ्या पडावात पाय ठेववेना. परत आले. बाप होता माजा, वाईट नव्हता. पण मला सुटायचं हाय."

मास्तरांना त्या रात्री झोप लागली नाही. आत्या उठवायला आली तेव्हा ते जागेच होते.

तिसऱ्या दिवशी ते निराळेच होऊन बसले. अंगठा हलत नव्हता. पटाकडे बघायचे त्याहून जास्त ते ऐकायचे. समोरचा कुठे निर्धास्त आहे, कुठे सावध होतो, कशाची वाट बघतो. आजवर शेकडो डाव खेळले, पण समोर कुणी बसलेलं असतं हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आणि एक नवल झालं. भीती होती तिथेच होती, पण तिच्या बरोबरीने त्यांना त्या म्हाताऱ्याबद्दल माया वाटू लागली. किती धीराचा खेळ. महिनोन्‌महिने वाऱ्याची वाट पाहिलेल्या माणसाचा खेळ. दिलेलं प्यादं घ्यायची घाई नाही, गेलेल्या मोहऱ्याचं दुःख नाही.

उन्हं पडवीत आली. पटावर मोजकीच मोहरी उरली होती. मास्तरांचं एक प्यादं काळ्या राजाच्या अंगावर गेलेलं. त्यांनी बराच वेळ घेऊन वजीर सरकवला. आपल्या परीने ती त्यांच्या आयुष्यातली सर्वांत चांगली खेळी होती. त्यांनी कान दिला.

श्वास अडला नाही. संथ, लांब, शिट्टी वाजवत चालू राहिला. म्हणजे यात काही नाही. म्हणजे म्हाताऱ्याला हे कधीचंच दिसलेलं आहे.

काशीचा हात उठला. हत्तीच्या दिशेने गेला आणि हत्तीच्या वर वीतभर उंचीवर थांबला. थरथरू लागला. काशीने डोळे मिटून घेतले होते, दात ओठात रुतले होते. हात हवेतच डावीकडे सरकला, बोट-बोटभर, चिखलातून होडी ओढावी तसा. मग त्याने घोडा उचलला आणि पुढच्या घरी आपटला.

श्वास तुटला. खोकल्यासारखा, मध्येच, अर्धा.

मास्तरांनी पटाकडे पाहिलं. घोडा हलल्यामुळे राजाच्या शेजारचं घर उघडं पडलं होतं. त्यांनी प्यादं एक घर पुढे ढकललं. "मात," ते म्हणाले. प्याद्याने केलेली मात. जुन्या खेळाडूंच्या लेखी याहून मोठा मान नाही.

पाटावर काहीच नव्हतं. पण ते काहीच नसणं आता निराळं होतं. इतका वेळ कुठे गेला होता कोण जाणे, समुद्राचा आवाज एकदम पडवीत भरला. काशीने हात उचलला, बोटं उघडली, मिटली. मनगट पदराखाली घेतलं. "गेले," ती म्हणाली. रडली नाही. मोहरी गोळा करू लागली तेव्हा ती कवडी तिच्या हातून दोनदा सुटली.

रत्नागिरीत बातमी मास्तरांच्या आधी पोचली. ओटीवर सगळे भोवती जमले. आप्पांनी पाठीवर हात ठेवला, पण फारसं काही विचारलं नाही. मास्तरही फार बोलले नाहीत. मात्र मनातून ते फुलून गेले होते. आता आपल्याला माणूस दिसतो, असं त्यांना वाटत होतं. नाताळात ते घाटावर जाऊन आले. चार डाव जिंकले, एक हरले आणि हरल्याचा राग आला नाही.

पौष महिन्यात एका सकाळी काशी त्यांच्या दारात उभी राहिली. हातात गाठोडं, अंगावर नवं लुगडं. दुपारच्या बोटीने मुंबईला निघाली होती. लीलेने तिला ओटीवर बसायला घोंगडी घातली आणि आत गेली.

"सांगितल्याबिगर जाववेना," काशी म्हणाली. "मास्तर, त्या दिवशी बाबांना घोडा हलवायचा नव्हता. हत्ती हलवायचा होता."

"हत्ती?" मास्तरांनी विचारलं.

"हात हत्तीकडे ओढत होता. मी घोड्याकडे नेला." तिने मनगटावरचा पदर बाजूला सारला. तिथे बोटांचे पाच निळे-काळे वळ होते, चार एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला. बोटं मोठी होती, बाईमाणसाची नव्हेत. दोन महिने उलटले होते, आणि वळ कालचे वाटत होते. "त्यांनी सोडलानी नाय. मीच सोडवून घेतला."

"मग... मग मी जिंकलोच नाही. त्यांना तर कळलंच असेल."

"सगळ्यात आधी त्यांनाच कळलं."

"मग ते गेले कसे? हरल्याशिवाय जाणार नव्हते ना?"

"हरले की," ती म्हणाली. "तुमच्याकडनं नाय हरले, एवढंच."

बोटीची वेळ होत आली म्हणून ती उठली. मास्तर तिच्यासोबत मांडवीच्या धक्क्यापर्यंत गेले. वाटेत त्यांनी विचारलं, "पहिल्या दिवशीच का नाही केलंत?"

"आधी दोनदा केलं होतं. दुसऱ्यांसाठी. अशीच वेळ बघून भलतं मोहरं पुढे टाकलं. पण समोरच्याला दिसलंच नाय. बाबा नंतर महिना महिना हात उचलू देत नव्हते." ती धक्क्याच्या पायऱ्या उतरू लागली. "मला डाव कळत नाय मास्तर. पण माणूस कधी नीट बघायला लागतो ते कळतं. तिसऱ्या दिवशी तुमी बघत होतात."

पडाव भरला. मास्तर धक्क्यावर उभे राहिले. दूर उभ्या बोटीपर्यंत पडाव पोचला, काशीने उजव्या हाताने शिडीचा दोर धरला आणि ती वर चढून गेली.

घरी येऊन त्यांनी पट मांडला. तो शेवटचा डाव त्यांना तोंडपाठ होता. घोडा जागेवर ठेवला आणि हत्ती हलवला. शह. राजा सरकला. पुन्हा शह. चौथ्या खेळीला त्यांचा वजीर गेला, सातव्याला सगळंच संपलं. त्यांनी तीन-चार वाटा करून पाहिल्या. एकही सुटत नव्हती. मग आपला पांढरा राजा त्यांनी पटावर आडवा केला आणि कितीतरी वेळ ऐकत बसले. आत लीला तांदूळ पाखडत होती. दुसरं काही ऐकू आलं नाही.

संध्याकाळी ते आप्पांकडे गेले. ओटीवर दोघेच होते. मास्तर म्हणाले, "आप्पा, पूर्णगडचा शेवटचा डाव दाखवायचा राहिला होता."

त्यांनी मोहरी मांडली. "इथे त्यांच्याकडे हत्तीची खेळी होती. मी मेलो होतो. पण घोडा हलला."

आप्पांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. पटावर वाकले. मग पिशवीतून दुसरी मोहरी काढून त्यांनी शेजारी दुसऱ्या पटावर आपलाच पूर्णगडचा जुना डाव मांडला, अडखळत, आठवत. एका जागी त्यांचा हात थांबला.

"इथे तिचा हात असाच हवेत लोंबकळला होता," ते म्हणाले. "मला वाटलं, बाई दमली. मग हे उंटाचं असं काहीतरी झालं. मी ते बघितलंच नाही. मला माझ्या वजिराची घाई होती."

त्यांनी त्या उंटाकडे बोट केलं. त्याच्या शेजारी, उघडी, आठ वर्षं तशीच पडून राहिलेली, दोन खेळ्यांची मात होती.

"मी पडवीतून निघालो तेव्हा तिने मनगटाला पदर गुंडाळला होता," आप्पा म्हणाले. "मी विचारलं होतं, भाजलं का. हो म्हणाली." त्यांनी चष्मा काढून ठेवला. "दत्तू, कुठे असते आता ती?"

"आजच्या बोटीने मुंबईला गेली."

"एकटी?"

"एकटीच," मास्तर म्हणाले.

आप्पांनी मान हलवली. दोघांपैकी कुणीच मोहरी आवरायला हात पुढे केला नाही.